सहा हजारांत एक खोली



झोपायची खोली नव्यानं सजवायची म्हटलं की आपली पावलं आधी बाजाराकडे वळतात. पडदे, चादरी, भिंतीवर चिकटवायचे रंगीत कागद, एखादा शोभेचा दिवा. पैसे बेताचे असले की यातलंच स्वस्तातलं स्वस्त निवडायचं आणि वर्षभरात ते विटलं की पुन्हा दुकान गाठायचं. माझं मत असं, की हाती पैसे थोडे असतील तर ते डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर सर्वांत शेवटी खर्च करावेत. आधी भिंत, मग झोपायची जागा, मग उजेड. उरलं तर शोभा. आणि यातलं बरंचसं काम घरच्या माणसांना स्वतःच्या हातांनी करता येतं.

आमच्या घरातली मागची खोली आम्ही गेल्या हिवाळ्यात अशीच तयार केली. मामंजी गेल्यावर सासूबाई गावचं घर बंद करून कायमच्या आमच्याकडे येणार होत्या. खोली दहा बाय दहाची, इतकी वर्षं सुटकेसा आणि इस्त्रीच्या टेबलानं अडवलेली. हाती होते सहा हजार रुपये. सासूबाईंना दम्याचा त्रास, आणि खोलीच्या बाहेरच्या भिंतीला ओल. तेव्हा रंगाचा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिला नव्हता. ओल आणि तिच्यावर धरणारी बुरशी दमेकऱ्याला सोसत नाही.

ओल कुठून येते ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. फूटभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेर, खोलीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर दोष कोंदट हवेचा. तिथे खिडकी उघडी ठेवणं हाच निम्मा उपाय. आमच्याकडे थेंब आतून जमले. बाहेरच्या पाइपाचा सांधा गळत होता. प्लंबर, गवंडी आणि सिमेंट मिळून जवळजवळ अडीच हजार तिथेच गेले. यजमान जरा हिरमुसले, कारण एवढे पैसे खर्चून खोलीत दिसायला काहीच नव्हतं, होता तो गिलाव्याचा एक करडा ठिगळ! पण ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, लोणा त्याला वर्षभरात फोडून बाहेर येतो. कागद चिकटवला तर त्याच्यामागे बुरशी निवांत वाढते.

नव्या गिलाव्याला पाणी मारून झाल्यावर सुकायला महिनाभर तरी द्यावा. इथे आपल्या एका जुन्या सवयीबद्दल बोललं पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर रंग काढायची आपली रीत आहे. पण चार महिने पाऊस प्यायलेली भिंत तेव्हा कुठे सुकू लागलेली असते, आणि रंगाऱ्यांचे भावही त्याच दिवसांत चढलेले असतात. डिसेंबर ते मे हा काळ भिंतीलाही बरा आणि खिशालाही. सण आहे म्हणून घर झाडून पुसून लख्ख करावं. रंग थांबू शकतो.

जुना रंग खरवडताना मात्र सांभाळा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः दारं-खिडक्यांवरच्या तेलरंगांत शिसं असू शकतं. ती धूळ लहान मुलांना आणि गरोदर बायकांना फार घातक. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. पाणी शिंपडून ओला करावा, पाण्यात चालणारा पॉलिशपेपर वापरावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, आणि निघालेला चुरा केरसुणीनं न उडवता ओल्या फडक्यानं टिपून घ्यावा.

रंग किती लागेल याचा हिशेब घरीच करावा. दहा बाय दहाची खोली, उंची साडेनऊ फूट, म्हणजे चार भिंती ३८० चौरस फूट; दार-खिडकी वजा जाता सुमारे ३४०. डब्यावर किती चौरस फुटांना पुरेल ते छापलेलं असतं. तो आकडा एका हाताचा की दोन हातांचा, एवढं नीट वाचा. आम्ही साधा ॲक्रिलिक डिस्टेंपर घेतला. आधी भोकं-भेगा पुट्टीनं भरल्या, घासल्या, प्रायमरचा एक हात दिला. कडा ब्रशनं, मधला भाग रोलरनं, वरून खाली. दोन रविवारांत मुलानं आणि यजमानांनी खोली संपवली. वास जावा म्हणून पुढे पंधरा दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवल्या.

रंग कोणता द्यावा म्हणून मी सासूबाईंना फोन केला होता.

‘‘आई, तुमच्या खोलीला रंग कोणता देऊ?’’

‘‘मला कशाला विचारतेस? तुमचं घर, तुम्हाला आवडेल तो द्या.’’

त्यातला ‘तुमचं’ मला टोचला. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. ‘‘अगं, रंगाचं राहू दे. खाट तेवढी अशी लाव, की रात्री जाग आली तर मला दार दिसलं पाहिजे.’’ या एका वाक्यानं आमची अर्धी खोली ठरली. खाट फिरवली. पलंग उंच होता, त्याचे पाय सुताराकडून चार बोटं कापून घेतले, म्हणजे बसल्यावर त्यांचे तळवे जमिनीला टेकतात. खाटेजवळचं पायपुसणं काढून टाकलं, कारण अशा सरकत्या चिंधीवरून म्हातारी माणसं पडू शकतात. दिव्याचं बटण उशाशी आणून घेतलं. ते काम वायरमनचं, तिथे घरचा हात लावू नये. पिवळसर उजेडाचा एलईडी दिवा घेतला. खोक्यावर २७०० के किंवा ३००० के असं लिहिलेलं असतं, तो उजेड रात्री डोळ्यांना सौम्य वाटतो. गादी जुनीच होती, कापसाची. पिंजून, नवी खोळ घालून, दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकली.

पडदे विकत घेतले नाहीत. सासूबाईंनी गोधडीसाठी म्हणून जुन्या सुती पातळांचं एक गाठोडं आधीच पाठवलं होतं. पातळ साधारण साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच रुंद असतं. चार फुटी खिडकीला दोन पडदे लावले तर कापड खिडकीच्या जवळजवळ दुप्पट होतं, चुण्या छान पडतात. साडेचार फूट लांबीच्या पडद्याला, वरची नळी आणि खालची दुमड धरून, पावणेदोन मीटर लागतं. दोन पडदे होऊन पदराकडचे दोन मीटर उरतात, त्यात दोन अभ्रे निघतात. आतून जुन्या चादरीचं अस्तर लावावं, नाहीतर विरलेलं सूत उन्हानं लवकर फाटतं.

कात्री लावण्याआधी मी फोनवर एकेका पातळाचं वर्णन करून विचारलं. हिरव्यावर पिवळे काठ? ‘‘ते नको. ते ह्यांनी पंढरपूरहून आणलेलं.’’ मग विटकरी रंगाचं निघालं, आणि भिंतीचा फिका बदामी रंग त्या विटकरीकडे पाहून ठरला. पडदा आधी, रंग मागून, हा क्रम मी सर्वांनाच सुचवीन. बाजारात रंगाच्या शेकडो छटा मिळतात, पण घरातलं कापड आहे तेच असतं.

जुनं लोखंडी कपाट तळाशी गंजलेलं होतं. गंज घासून काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला, वर तेलरंग. हे काम गच्चीत केलं, कारण तेलरंगाचा उग्र वास दमेकऱ्याच्या खोलीत नको.

सगळं होऊन सातशे रुपये उरले. ते सासूबाई आल्यावर त्यांच्या हाती दिले. त्यांनी देवांसाठी एक लहानशी फळी घेतली आणि कुठे ठोकायची ती जागा स्वतः दाखवली. ती नेमकी बटणाच्या वर निघाली. बटणाच्या सरळ रेषेत भिंतीतून वायर गेलेली असते, तिथे खिळा मारू नये, म्हणून हातभर डावीकडे सरकवली. उरलेला रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवला आहे. बरणीवर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवली आहे, पुढच्या पावसाळ्यानंतर कुठे पोपडा निघालाच तर तेवढाच तुकडा सांधता यावा म्हणून.