साउथ सिडनीची गोष्ट



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात आम्ही एका परदेशी क्रीडासंस्थेची हकीकत सांगावी, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु संस्था कोणाच्या बळावर जगते, हा प्रश्न आपल्या मंडळालाही चुकलेला नाही.

सिडनीतील रेडफर्न ही कामगारांची वस्ती. तेथील नगरभवनात जानेवारी १९०८ मध्ये 'साउथ सिडनी' हा रग्बी लीगचा क्लब स्थापन झाला. तेरा-तेरा खेळाडूंचा हा खेळ. मैदानावर जायबंदी झालेल्या खेळाडूची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यायची, हा जुन्या रग्बीपासून तो तेथे वेगळा होण्यामागचा एक मोठा वाद. १९७१ पर्यंत क्लबने वीस वेळा अजिंक्यपद मिळविले.

पुढे दिवस पालटले. संघांची संख्या चौदावर आणताना स्पर्धाचालकांनी १९९९ मध्ये साउथ सिडनीला वगळले. अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स हे क्लबचे माजी खेळाडू; त्यांच्या नेतृत्वाखाली क्लबने न्यायालयात दाद मागितली. नोव्हेंबर २००० मध्ये निकाल विरुद्ध गेला. त्याच महिन्यात सुमारे ८०,००० माणसे रस्त्यावर उतरली. २००१ मध्ये अपील मान्य झाले आणि २००२ साली संघ मैदानावर परतला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, तरी संघाला पुन्हा बाहेर काढण्याचे धाडस कोणी केले नाही.

खरी कसोटी पुढेच होती. संघ हरत होता, तिजोरी रिकामी होती. २००६ मध्ये नट रसेल क्रो व उद्योगपती पीटर होम्स अ कोर्ट यांनी ७५ टक्के मालकी मागितली. ज्यांनी क्लब वाचविला, त्या पिगिन्स यांनीच विरोध केला. ७५ टक्के मते आवश्यक होती, ७५.८ टक्के पडली. चौथा हिस्सा सभासदांकडेच राहिला. २०१४ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, क्लबने अंतिम सामना ३०–६ असा जिंकला.

पिगिन्स चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. दोन्ही पक्षांना क्लब आपलाच वाटत होता, म्हणून तर तंटा झाला. आज आपली मुले गणेशोत्सवातील नाटक हिंदीतून बसवू म्हणतात. अमराठी सुना-जावयांना पूर्ण सभासदत्व मागतात. यावर आपल्यांतही मतभेद आहेत, आणि ते असावेत. आम्हांस चिंता वेगळीच वाटते. आपल्या वार्षिक सभेत गणसंख्येसाठी अर्धा तास खोळंबावे लागते. यंदा हे दोन्ही विषय सभेपुढे आहेत. आपण अनुकूल मत द्या, प्रतिकूल द्या. परंतु मुलांना बरोबर घेऊन, वेळेवर या, एवढीच प्रार्थना.