शपथेला साक्षी कोण?

(पनवेल येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकील बांधवाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलाने शपथेवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. न्यायालयात रोज शपथा घेतल्या जातात आणि रोज मोडल्या जातात, हे आमच्याइतके जवळून क्वचितच कोणी पाहत असेल. तथापि, ज्या प्रसंगामुळे मी हा विषय निवडला, तो न्यायालयातलाच आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या न्यायालयात शेताच्या बांधाचा दावा चालू होता. आमच्या बाजूने एक वयोवृद्ध उपासिका साक्षीला उभी राहिली. कारकुनाने नेहमीच्या घाईने ईश्वराला साक्षी ठेवण्याचे शब्द म्हटले आणि ती मागोमाग म्हणेल म्हणून वाट पाहिली. बाई गप्प राहिली. मग शांतपणे म्हणाली, “मी ईश्वराला मानीत नाही. पण खोटे बोलणार नाही.” प्रतिपक्षाचे वकील हसून म्हणाले, “मग बाई, तुमच्या शपथेला साक्षी कोण?” न्यायाधीशांनी तो प्रश्न नामंजूर केला आणि १९६९ च्या शपथ अधिनियमात जी दुसरी तजवीज आहे, तिच्याप्रमाणे बाईकडून गांभीर्यपूर्वक दृढकथन करून घेतले. काम पुढे चालू झाले. पण नामंजूर झालेला तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना तरी साक्षी कोण होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला इंग्लंडच्या इतिहासाकडे जावे लागले. त्या देशात सतराव्या शतकात सबंध समाजाला शपथा घालण्याचा जो प्रयोग झाला, त्यासारखा दुसरा माझ्या वाचनात नाही. १६४१ च्या मे महिन्यात तेथील पार्लमेंटाने एक प्रतिज्ञालेख तयार केला. प्रॉटेस्टंट धर्माचे पोपच्या पंथापासून रक्षण करीन, राजाच्या जीविताचे रक्षण करीन आणि पार्लमेंटाच्या अधिकारांचेही रक्षण करीन, अशा तिन्ही निष्ठा त्यात एकत्र बांधल्या होत्या. पुढच्या वर्षी हुकूम सुटला की, अठरा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाने आपापल्या चर्चमध्ये हा लेख मान्य करावा. गावोगाव याद्या झाल्या. ज्यांनी नकार दिला, त्यांचीही नावे लिहून पाठविण्यात आली. त्या याद्यांपैकी पुष्कळ आजही जपून ठेवलेल्या आहेत.

पुढे काय झाले ते पाहा. त्याच १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले आणि दोन्ही पक्ष म्हणू लागले की, शपथ पाळतो आहोत ते आम्हीच! १६४३ मध्ये स्कॉटलंडशी तह झाला आणि नवा धर्मकरार आला; त्यावर पुन्हा शपथा. (स्कॉटलंडच्या लोकांनी १६३८ मध्येच एडिंबरोच्या एका चर्चच्या आवारात आपला राष्ट्रीय धर्मकरार सह्यांसाठी मांडला होता, आणि त्यात लोकांचा उत्साहही खरा होता, हे मान्य केले पाहिजे.) १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. १६५० मध्ये राजा नसलेल्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याचे वचन द्यावे लागले. १६६० मध्ये राजपुत्र परत येऊन राजा झाला, आणि १६६१ मध्ये तो १६४३ चा धर्मकरार लंडनमध्ये फाशी देणाऱ्या मांगाकरवी जाळण्यात आला. नगरपालिकेत अधिकार हवा असेल तर त्या कराराचा धिक्कार करण्याची नवी शपथ घ्यावी लागे. १६४२ मध्ये ज्याला नुकतेच अठरावे लागले होते, अशा एखाद्या शेतकऱ्याने चाळिशी गाठण्यापूर्वी परस्परांना छेद देणाऱ्या किती गोष्टी ईश्वराला साक्षी ठेवून सांगितल्या असतील, याचा हिशेब आपणच करा. एवढ्या वेळा बोलाविल्यावर त्या साक्षीदारालाही कंटाळा आला असेल.

माझ्या मते या शपथा निष्फळ ठरल्या याचे कारण लोक खोटे होते, हे नव्हे. शपथ मागणारा सत्ताधारी होता आणि नकार देणाऱ्याची यादी होत होती, हे कारण आहे. १६७३ च्या कायद्याने तर सरकारी पद हवे असलेल्या माणसाने कोणत्या पद्धतीने प्रसाद घेतला पाहिजे आणि कोणते धर्ममत नाकारले पाहिजे, हेही ठरविले. धर्म हा नोकरीचा दाखला झाला. ही अट १८२८ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली.

या सर्व काळात एक लहानसा पंथ निराळा वागला. क्वेकर म्हणून तो ओळखला जातो. हे लोक श्रद्धावान ख्रिस्तीच. पण ते म्हणत, येशूने शपथ घेऊच नका असे सांगितले आहे, आणि आमचे रोजचे बोलणे खरे असताना शपथेवरचे बोलणे अधिक खरे कसे होईल? १६६२ मध्ये त्यांच्याविरुद्ध खास कायदा झाला, हजारो तुरुंगात गेले. अखेर १६९६ मध्ये त्यांना शपथेऐवजी साधे दृढकथन करण्याची मुभा मिळाली. परंतु नास्तिकांना ती मिळाली नाही. जॉन लॉकसारख्या सहिष्णुतेच्या पुरस्कर्त्यानेही १६८९ मध्ये लिहिले की, जो ईश्वर मानीत नाही त्याच्या वचनावर विसंबता येत नाही. आमच्या प्रतिपक्षाच्या वकिलांचा प्रश्न हा असा तीनशे वर्षांहून जुना होता. त्यांना ते ठाऊक नसावे. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये पार्लमेंटात निवडून आले. नास्तिक म्हणून त्यांना सहा वर्षे बसू दिले नाही, मतदारांनी पुनःपुन्हा निवडून दिले, आणि त्यांच्याच प्रयत्नाने १८८८ चा कायदा झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री असो, न्यायाधीश असो, त्याला ईश्वराचे नाव घ्या किंवा दृढकथन करा, असे दोन मार्ग समान मानाने ठेवलेले आहेत. आमच्या उपासिकेला जे दोन मिनिटांत मिळाले, त्यामागे हा सर्व तुरुंगवास आहे.

आता आपल्या घरी येऊ. पनवेलहून गोव्याकडे जो रस्ता निघतो, त्याच रस्त्यावर, आपल्याच जिल्ह्यात, महाड आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्या सत्याग्रहासाठी आलेल्या स्वयंसेवकांनीही प्रतिज्ञा घेतल्या होत्या: जन्मावर आधारलेले चातुर्वर्ण्य मानणार नाही, जातिभेद मानणार नाही, पाण्यावर आणि शाळांवर अस्पृश्यांचा समान हक्क आहे. पण त्यांतच एक अशीही होती की, अस्पृश्यता हा हिंदू धर्मावरील कलंक आहे. कलंक धुवायचा म्हणजे वस्त्र आपले मानायचे. ते वस्त्रच टाकून देण्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला झाली आणि ते प्रत्यक्ष टाकले गेले १९५६ मध्ये. महाडची प्रतिज्ञा घरातल्या भांडणाची होती, नागपूरची घर सोडण्याची. या दोन प्रतिज्ञांमधील एकोणतीस वर्षांचा विचार आपल्या तरुणांनी स्वतंत्रपणे अभ्यासावा.

नागपूरला काय घडले, त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी प्रथम स्वतः त्रिशरण आणि पंचशील घेतले. नंतर बाबासाहेबांनी ज्यांना दीक्षा घ्यावयाची आहे त्यांना उभे राहावयास सांगितले आणि प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. कोणी बसून राहिला असता तर त्याचे नाव लिहून घेणारा तेथे कोणी नव्हता. पद मिळणार नव्हते. असलेले जाणार होते. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांवरील पुरुषांना बोलावणे होते. येथे स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने उभ्या होत्या आणि तेच शब्द उच्चारीत होत्या. आणि ईश्वराला साक्षी बोलाविलेच नव्हते. मग साक्षी कोण? माझे उत्तर असे की, शेजारी उभा असलेला माणूस. ज्याने माझ्या तोंडचे शब्द ऐकले आणि ज्याचे मी ऐकले, तो. त्याला फसविणे ईश्वराला फसविण्यापेक्षा कठीण आहे, कारण तो उद्या वस्तीत भेटतो.

हे केवळ माझे मत आहे असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने याला जवळचे तत्त्व मांडले आहे, आणि ते मांडले गेले ते आपल्याच नुकसानीच्या खटल्यात. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. पंजाबराव नावाच्या गृहस्थाने आक्षेप घेतला की, हे बौद्ध झाले आहेत, सबब राखीव जागेला पात्र नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे त्या काळी हिंदू किंवा शीख असल्याखेरीज कोणी अनुसूचित जातीचा मानला जात नसे. पुराव्यात बुद्धाचे चित्र असलेली लग्नपत्रिकासुद्धा आली. न्यायालयाने ठरविले की, जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे माणसाने जाहीरपणे सांगितले, म्हणजे पुरे. विधी यथासांग झाला की नाही, याची चौकशी करीत बसण्याचे कारण नाही. निवडणूक रद्द झाली. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याच्या निवडणुकीतील गंगाराम ठवरे यांच्या बाबतीत याच न्यायालयाने उलट निर्णय दिला होता: ते महानुभाव पंथात गेले तरी महारच राहिले, कारण जुन्या समाजाशी नाते तुटल्याचे काही दिसत नव्हते. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. पंथ बदलण्याने जे झाले नाही, ते चारचौघांत उच्चारलेल्या शब्दांनी झाले.

त्या शब्दांची किंमत आपल्या वडिलांनी आणि आजोबांनी भरली. केंद्राच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने, म्हणजे चौतीस वर्षांनी. आजही किंमत पडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत याच प्रतिज्ञांच्या सभेला हजर राहिल्यावरून वादळ उठले आणि तेथील एक मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना पद सोडावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून बौद्ध धर्म स्वीकारण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचे कळविले.

म्हणून मला आपल्या माणसांवरच थोडे रागवावेसे वाटते. विजयादशमीला आपण बावीस प्रतिज्ञा त्या कारकुनाच्या घाईने म्हणतो. देवदेवतांच्या नकाराच्या प्रतिज्ञा खड्या आवाजात, आणि दारूची आली की काहींचा आवाज खाली जातो. भगिनींनो, कोणाचा जातो ते आपणास अधिक माहीत आहे. आणि मुलांच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात अजून “हिंदू” लिहिणारी घरे मी या तालुक्यात पाहतो. विचारले तर सांगतात, सवलत जाईल. ही भीती १९९० पूर्वी खरी होती. आज अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या कुटुंबाची सवलत “बौद्ध” लिहिल्याने जात नाही. दीक्षेपूर्वीची जात अनुसूचित होती, एवढे कागदांवरून दाखवावे लागते.

एका भगिनीने चिठ्ठी पाठविली आहे की, आम्ही दीक्षा घेतली, मुलांनी वेगळी घ्यावी काय? धर्माच्या दृष्टीने उत्तर भन्तेजी देतील. माझे मत असे की, त्यांना कळू लागेपर्यंत थांबावे आणि मग त्यांनी स्वतः उभे राहून, आपल्या आवाजात म्हणावे. वडिलांनी दिलेले वचन मुलाच्या नावावर वारसाहक्काने चढत नाही. सातबाऱ्याची गोष्ट निराळी.

ज्यांना मुलांच्या दाखल्यांतील नोंदीविषयी विचारावयाचे आहे, त्यांनी वंदना झाल्यावर थांबावे. शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांचे किंवा आजोबांचे जातीचे जुने कागद जवळ असल्यास दाखवावेत. मी मागच्या बाकावर बसतो आहे.