मांजराची शस्त्रक्रिया : करावी कीं करूं नये ?



आजचा विषय दिसावयास अगदीं लहान आहे. घरांत पाळलेल्या मांजराला पुढें पिल्लें होऊं नयेत म्हणून त्याच्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी कीं नाहीं, एवढाच तो प्रश्न. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गांवांतील ज्या कुटुंबांनीं मांजर पाळलें आहे, त्यांना तो केव्हां ना केव्हां सोडवावाच लागतो. त्यांनीं तो वेळेवर सोडविला नाहीं, तर मांजर तो आपल्या रीतीनें सोडवून टाकतें. मग एके दिवशीं कपाटाच्या खालच्या कप्प्यांत चार पिल्लें दिसतात, आणि घरचीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

पूर्वीं हा प्रश्न एवढा जाचत नसे. घराला माळा असे, मागें गोठा असे, कणगीभोंवतीं उंदीर असत. मांजर आपलीं पिल्लें सात घरें फिरवितें असें आपण म्हणतों. त्या काळीं तीं सातहि घरें उघडीं असत. आज बदलापुरास चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणारें कुटुंब सकाळीं दाराला कुलूप लावून मुंबईची गाडी गांठावयास धांवतें. सातांपैकीं सहा दारें मांजराला बंद झालीं आहेत. सातवें तेवढें आपलें.

आतां मांजरीच्या शरीराचा हिशेब पाहूं. भाटी पांच-सहा महिन्यांची होते न होते तोंच माजावर येते. कांहीं तर चौथ्या महिन्यांतच येतात. संयोग घडल्यावांचून तिचें अंडें सुटत नाहीं. त्यामुळें तिला कोंडून ठेवलें, तर दोन-तीन आठवड्यांनीं माज पुन्हां येतो, आणि रात्रभर ओरडणें व शेजाऱ्यांची तक्रार हेंहि पुन्हां येतें. गर्भ सुमारें ६३ ते ६५ दिवसांचा. पिल्लें अंगावर पीत असतांनाच ती पुन्हां गाभण राहूं शकते. वर्षांतून दोनदां व्याली आणि दर वेळीं चार पिल्लें झालीं असें धरलें, तरी दहा वर्षांत एका भाटीचीं ८० पिल्लें होतात. एवढीं घरें कोणाच्या ओळखींत आहेत ?

पहिलीं चार पिल्लें हौसेनें कोणीतरी नेतें. पुढच्यांना गिऱ्हाईक नसतें. मग एक गोणी, एक रिक्षा, आणि मासळीबाजार. “तेथें खावयास मिळेल,” असें आपण मुलांना सांगतों. पांच आठवड्यांचें पिल्लूं कुत्र्यांच्या आणि चाकांच्या तावडींतून मासळीपर्यंत पोंचेल कीं नाहीं, हें पाहावयास आपण थांबत नाहीं. मांजर मारल्यास सोन्याचें मांजर करून काशीस वाहावें लागतें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. त्या भयानें कोणी हात उगारीत नाहीं. परंतु सोडून देण्याला कोणीं प्रायश्चित्त सांगितलें नाहीं, म्हणून सोडून देणें निष्पाप ठरलें ! कायदा मात्र तसें मानीत नाहीं. जनावर उपाशी-तहानेलें मरेल अशा स्थितींत त्याला विनाकारण टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. शिवाय उल्हासनगर हें गांव ध्यानांत आणा. लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर सिंधहून बेघर होऊन आलेल्या माणसांना आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वस्तीला हें नांव पडलें. दाराबाहेर काढलें जाणें म्हणजे काय, हें येथें पुस्तकांतून शिकवावें लागूं नये.

शस्त्रक्रियेविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला पहिला असा, कीं हें निसर्गाविरुद्ध आहे. मुक्या जीवाचें मातृत्व हिरावून घेण्याचा आपल्याला अधिकार काय? मुलांचें रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचें वाहन मांजर. तेव्हां हा आक्षेप आपल्या मनांत खोल रुजलेला असल्यास नवल नाहीं. त्याची थट्टा करूं नये. आपण त्या जीवाकडून कांहीं काढून घेतों, आणि तेंहि त्याला न विचारतां, हें खरेंच आहे. पण बैल खच्ची करतांना आपण त्याला कधीं विचारलें ? दाराला कुलूप लावतांना मांजराला विचारतों काय ? आणि पिल्लें गोणींत भरतांना ? मांजराला घरांत घेतलें त्याच दिवशीं त्याच्या वतीनें निर्णय करण्याचें ओझें आपण उचललें. तें आतां अर्ध्या वाटेंत खालीं ठेवतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप, “एकदां तरी पिल्लें होऊं द्यावींत, म्हणजे तिची प्रकृति सुधारते.” याला वैद्यकाचा आधार नाहीं. उलट २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, सहा महिन्यांच्या आंत शस्त्रक्रिया झालेल्या भाटींना स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनीं कमी आढळला. गर्भाशयांत पू होण्याचा जीवघेणा विकारहि टळतो.

तिसरा आक्षेप भुलीच्या भीतीचा, आणि तो रास्त आहे. इंग्लंडांत झालेल्या एका मोठ्या पाहणींत, निरोगी मांजरांत भुलीमुळें दगावण्याचें प्रमाण हजारीं सुमारें एक असें आढळलें. धोका थोडा आहे. पण जिचें मांजर तें हजारांतलें एक ठरेल, तिला त्या आंकड्याचें समाधान नाहीं. म्हणून आजारी, फार रोडावलेल्या किंवा वयस्कर मांजराच्या बाबतींत घाई करूं नये. आधीं तपासणी, मग निर्णय. मांजर लठ्ठ होतें, ही तक्रारहि खोटी नाहीं. शस्त्रक्रियेनंतर त्याची भूक वाढते आणि गरज मात्र सुमारें पाव हिश्श्यानें घटते. तेव्हां वाढतांना आपलाच हात आखडावा लागतो. उंदरामागें धांवण्याची हौस मात्र जात नाहीं.

बोका पाळणारे म्हणतात, “आमच्या घरांत कांहीं पिल्लें व्हावयाचीं नाहींत.” खरें, तीं शेजारच्या घरांत होतात. शिवाय बोका रात्री भटकतो, भांडून जखमा घेऊन येतो, चाव्यांतून असाध्य रोग आणतो, आणि भिंतीवर मूत्राची धार सोडतो. त्याची शस्त्रक्रिया भाटीच्या मानानें पुष्कळच सोपी. माज थांबविण्याच्या गोळ्या किंवा टोंचण्या स्वस्त म्हणून वारंवार देऊं नयेत. त्यांनीं गर्भाशयाचे आणि स्तनांचे विकार बळावतात.

निर्णय झाला, तर कांहीं गोष्टी सांभाळाव्यात. वय पांच महिन्यांच्या आंतबाहेर असावें. भूल देण्यापूर्वीं जो डॉक्टर मांजर तोलत नाहीं आणि तपासत नाहीं, त्याच्याकडून परत यावें. किती तास उपाशी ठेवावयाचें, तें त्यालाच विचारावें; लहान पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवणें बरें नाहीं. जवळ सोय नसल्यास परळ आहेच. तेथें १८८६ पासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय चालत आलें आहे. मांजर झांकणाच्या भक्कम पेटींतून न्यावें, आणि गाडीची गर्दीची वेळ टाळावी. घरीं आल्यावर सुमारें दहा दिवस तें टांके चाटणार नाहीं आणि उंच उड्या मारणार नाहीं, एवढें पाहावें. या दिवसांत घरीं कोण राहणार, हें आधींच ठरवावें. नाहींतर तें काम न विचारतां गृहिणीच्याच वांट्यास येतें.

माझें मत विचाराल, तर या तीन गांवांतल्या निरोगी मांजराच्या बाबतींत शस्त्रक्रिया करावी, असेंच मी सांगेन. ज्याला तें करावयाचें नसेल, त्यानें जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला घर शोधून देण्याची हमी स्वतःशीं घ्यावी. ही हमी पाळणारा मनुष्य मला वंद्य आहे. पण या दोहोंपैकीं कांहींच न करणें, आणि पावसाळ्याच्या तोंडावर गोणी घेऊन बाजाराकडे निघणें, याला निर्णय म्हणतां येणार नाहीं.