अक्षय आनंदाची वाट
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यात माजी विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



महाराष्ट्रापासून दूर, चंदीगडमध्ये आपण मराठी जपत आलो. आपल्या कितीतरी आधी एक मराठी बहीणभाऊ पायी भटकत अविभक्त पंजाबात आले होते. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून कोरड्या वाळूने अंग झाकून घेतले. आईवडील व थोरली बहीण दुष्काळात गेली होती. ती बहीण म्हणजे पंडिता रमाबाई.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत ज्ञानाचा गौरव केला. कीर्ती लाभली, परंतु मन शांत झाले नाही. १८८० साली भाऊ व १८८२ साली पती निवर्तले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही पूर्ण समाधान मिळावयास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, अशा आशयाची प्रांजळ कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. देवाची प्रीती आपल्या गुणांनी कमवायची नसून ती विश्वासाने स्वीकारायची आहे, हे उमगले तेव्हा त्यांच्या जीवाला विसावा मिळाला.

ख्रिस्ती श्रद्धेत आनंदाला पवित्र आत्म्याचे फळ म्हटले आहे. फांदी झाडाशी जोडलेली राहिली की तिला फळ येते. आनंदही तसाच देवाशी जडलेल्या जीवनात उपजतो. म्हणूनच तो परिस्थितीबरोबर ओसरत नाही.

या आनंदाने रमाबाईंना स्वस्थ बसू दिले नाही. १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुलींना त्यांनी आणले, आणि केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली. जिने स्वतः भूक सोसली, ती शेकडो भुकेल्यांची माय झाली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. त्या आईचे दुःख थोडे का असेल? तरीही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत चाललेले बायबलचे भाषांतर त्यांनी पूर्णत्वास नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. श्रद्धेमुळे त्यांचे दुःख टळले नाही; परंतु दुःखातही त्यांचा आधार सुटला नाही.

पालकहो, गुण, पदवी, वेतन ही सारी हवीतच. शाळा त्यांसाठीच झटते. परंतु ती हातची गेली, तर आपले मूल कशाच्या बळावर उभे राहील? आपण निरनिराळ्या धर्मांचे आहोत. आपापल्या श्रद्धेला स्मरून हा प्रश्न मुलांशी अवश्य बोलावा. रमाबाईंना त्याचे उत्तर ख्रिस्तात सापडले, आणि त्या उत्तराने असंख्य निराधारांना घर दिले.