गटात सहा हरतात



बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिलाय, ‘बैलगाडी शर्यत : परंपरा की क्रूरता?’ संयोजकांची क्षमा मागून सांगतो, त्या वादात मी फार खोल जाणार नाही. त्याचा कायदेशीर निकाल १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं दिला. तामिळनाडूचा जल्लिकट्टू, कर्नाटकातला कंबळा आणि आपली शर्यत, तिन्ही राज्यांचे कायदे टिकले. मला बोलायचंय ते त्यानंतरचं. शर्यत सुटली, फार चांगलं झालं. पण ती आता कोणाच्या पैशावर चालते, आणि तिच्यात उतरणं कोणाला परवडतं?

मागचा हिशेब आधी झटपट उरकू. जुलै २०११ मध्ये केंद्राच्या एका अधिसूचनेनं बैलाला वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या पंगतीला नेऊन बसवलं. खेळासाठी वापरायला बंदी असलेले प्राणी, अशी ती यादी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१७ साली आपल्या विधिमंडळानं कायदा केला, त्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं शर्यती पुन्हा थांबवल्या, आणि १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. तिच्या चारच महिने आधी आटपाडी तालुक्यातल्या झऱ्यात बंदी मोडून शर्यत झाली होती, ती तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. काही जण तिथं असतीलही, पण आज हात वर करायला नको!

ह्या दहा वर्षांत खिल्लार बैल सांभाळणाऱ्याचं काय झालं, हे फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही. औत ट्रॅक्टरकडे गेलंच होतं. पळणाऱ्या खोंडाला गिऱ्हाईक होतं ते शर्यतीमुळे, तेही गेलं. त्यात मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली, म्हणजे थकलेलं जनावर बाजारात न्यायची वाटही बंद झाली. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत, आटपाडीच्या उत्तरेश्वराच्या बाजारात, म्हसवडला, पुसेगावला माणदेशी खिल्लाराच्या दावणीच्या दावणी बांधलेल्या असायच्या. ती दावण राखली कोणी? मोठ्या मालकांनी नव्हे. दोन एकरवाल्यानं एक गाय आणि एक खोंड हौसेखातर ठेवला, पोटाला चिमटा घेऊन पेंड घातली, म्हणून २०२१ साली पळवायला बैल शिल्लक होते. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्यात हा माणूस मध्यभागी आहे.

शहरातल्या श्रोत्यांसाठी मैदानाची रीत सांगतो. पुण्याच्या बाजूला घाट असतो, चार बैल जुंपतात, पुढं घोडी धावते आणि निकाल सेकंदावर लागतो. आपल्याकडे, म्हणजे खटाव, माण, कराड, खानापूर ह्या पट्ट्यात, सपाट रानात चाकोऱ्या आखतात. प्रत्येक चाकोरीत एक छकडी, तिला दोन बैल, वर एक ड्रायव्हर. निशाण पडलं की गाड्या सुटतात. कायद्यानं धाव हजार मीटरच्या आत हवी. गटात साधारण सात गाड्या, त्यातली पहिली येणारी ‘गट पास’. गट पास झालेल्या सात गाड्यांची सेमी, सेमी जिंकणाऱ्या सातांची फायनल. एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवू नये असाही नियम आहे. गट, सेमी, फायनल, झाल्या तीन.

आता कागद घ्या. सात गुणिले सात गुणिले सात, ३४३ गाड्या. असं भरगच्च मैदान धरू. ४९ गट होतील. पहिल्या धावेनंतर ४९ गाड्या उरतील आणि २९४ गाड्यांचे बैल पिकअपमध्ये चढवले जातील. फायनलच्या सातही गाड्यांना बहुतेक ठिकाणी बक्षीस असतं, पहिल्यापासून सातव्यापर्यंत. बाकीच्या ३३६ गाड्यांना काय? प्रवेश फी गेली, गाडीभाडं गेलं, बरोबर आलेल्या पोरांचं जेवण गेलं. गटात अर्ध्या कांड्यानं, म्हणजे अगदी थोडक्यात हुकून, दुसरा आलेला आणि चाकोरी सोडून बाभळीत घुसलेला, दोघांचा हिशेब सारखाच.

इथं मी तुम्हाला जरा लांब नेतो, इंग्लंडात. तिथं स्पीडवे नावाची मोटारसायकलींची शर्यत आहे. लंबगोल मातीचा आखाडा, चार स्वार, चार फेऱ्या. पाचशे सीसीची गाडी, तिला एकच गिअर, आणि ब्रेक नाही. होय, ब्रेक नाही. आपल्याकडे एका बैलाचं नाव ब्रेकफेल आहे. तिकडे सगळ्याच गाड्या ब्रेकफेल! १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या हाय बीच इथं हा खेळ पहिल्यांदा मोठ्या गर्दीनं पाहिला आणि पुढच्याच वर्षी संघांच्या लीग सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर वेम्बलीच्या मैदानात ह्या शर्यतीला हजारोंनी माणसं यायची. कामगारवस्तीचा खेळ. आठवड्याला एक संध्याकाळ, तिकीट काढायचं, आपल्या गावच्या संघाच्या नावानं ओरडायचं.

तो खेळ आज आजारी आहे, आणि त्याचा आजार आपण समजून घेण्यासारखा आहे. संघ गावाचा, पण पायाखालची जमीन दुसऱ्याची. कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडनचं मैदान १९२८ पासून चालू होतं. जागा बांधकाम करणाऱ्यांच्या हातात गेली आणि २०१६ चा हंगाम शेवटचा ठरला. वुल्व्हरहॅम्प्टनचं मैदान कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्या सट्टा कंपनीचं. २०२३ अखेर स्पीडवेला तिथून निघावं लागलं. पीटरबरोही त्याच वर्षी बंद. स्विंडन त्याच्याही आधी. दुसरीकडे पोलंडमध्ये ह्याच खेळाची स्टेडियमं शहरं सांभाळतात, टीव्हीचा पैसा येतो, प्रेक्षक भरपूर. साहजिकच जगातले नामांकित स्वार पोलंडच्या तारखा आधी धरतात आणि इंग्लंडला उरलेले दिवस देतात, किंवा देतच नाहीत.

हे सगळं खरं. पण त्या आजारी खेळात दोन गोष्टी अशा आहेत की त्या आपल्या धडधाकट खेळात नाहीत. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य, आणि स्वाराला पैसे मिळतात ते गुणागणिक. म्हणजे तिसरा आलेला पोरगाही टायरचा खर्च थोडाफार काढून घरी जातो. दुसरी गोष्ट, प्रत्येक स्वाराची प्रत्येक धाव नोंदलेली असते. त्यावरून त्याची सरासरी निघते, आणि संघातल्या स्वारांच्या सरासरींची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. पैसेवाल्यानं सगळे वाघ एकाच पिंजऱ्यात भरायचे नाहीत. ह्या नियमावर तिकडे भांडणं होतात, पळवाटा निघतात, एका संघाचा स्वार जखमी झाला की दुसऱ्याचा पाहुणा म्हणून बोलावला जातो आणि प्रेक्षक वैतागतात. तरी चढाओढ राहावी म्हणून काहीतरी करायला हवं, एवढं तरी त्यांनी मान्य केलंय.

आपल्याकडे पाहुणा बोलावायची रीत आहेच. तिला आपण पैरा म्हणतो. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, जोड एक. मूळ रीत मोठी सुंदर. ज्याच्याकडे एकच खोंड आहे त्यानं शेजाऱ्याच्या खोंडाशी पैरा करावा आणि मैदान गाठावं, अशी ती गरजेतून आलेली. आता काय झालंय बघा. २०२३ साली भाळवणीच्या मैदानात पहिल्या नंबराला थार गाडी होती. ती जिंकली बकासुर आणि महिब्या ह्या जोडीनं. एक बैल पुण्याकडचा, दुसरा आपल्या कराड तालुक्यातला. दोन्ही नामांकित, दोन्ही लाखमोलाचे, पळालेही तसेच. त्यांच्या मालकांना दोष नाही. पण नामांकित बैलाचा पैरा नामांकित बैलाशीच व्हायला लागला की ज्याच्या गोठ्यात एकच चांगला खोंड आहे, त्याला जोड मिळत नाही. मग त्याच्यापुढं एकच रस्ता उरतो, खोंड विकायचा. घेणारा कोण? ज्याच्याकडे आधीच चार आहेत तो.

भाळवणीचं मैदान भरवलं ते डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी. पुढच्या वर्षी ते सांगलीतून लोकसभेला उभे राहिले. २०२५ च्या नोव्हेंबरात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावला त्यांनीच ‘श्रीनाथ केसरी’ भरवलं, तिथं तर फॉर्च्युनर होती, आणि ती नेली हेलिकॉप्टर बैज्या आणि मघाशी सांगितलेल्या ब्रेकफेलनं. लोटलेली गर्दी तुम्ही पाहिली असेल, मोबाइलवर तरी. पैलवानानं बैलांसाठी पैसा उभा केला, ह्यात वावगं काही नाही. कुस्ती आणि शर्यत ह्या आपल्याकडे जुळ्या बहिणी. माझी शंका वेगळी आहे. इंग्लंडात खेळ तिकिटावर जगला, तिकीट घटलं तसा खंगला. आपल्या मैदानाला तिकीटच नाही. गावच्या यात्रेचं मैदान वर्गणीवर आणि देवस्थानावर चालतं. मोठं मैदान चालतं एखाद्या नेत्याच्या किंवा उद्योजकाच्या खिशावर, आणि तो खिसा निवडणुकीच्या हवामानावर भरतो, रिकामा होतो. ज्या साली निवडणूक नाही त्या साली फॉर्च्युनर कोण देणार? तोवर तिच्या आशेनं ज्यानं सोसायटीचं कर्ज काढून बैल घेतला, त्यानं काय करायचं?

बक्षिसाचा आकडा फुगतो तेव्हा त्याच्यामागं सगळंच फुगतं. बैलाची किंमत, खुराक, सांभाळणाऱ्या गड्याचा पगार, नामांकित ड्रायव्हरची बिदागी. शेंगदाणा पेंड, उडीद, दूध, अंडी. काही घरांत बैलाचा खुराक माणसांच्या बाजारापेक्षा महाग पडतो, आणि घरची लक्ष्मी ते बोलून दाखवते, मी ऐकलेलं आहे. त्यात २०२२ सारखं लम्पीचं वर्ष आलं, शर्यती आणि बाजार बंद झाले, की खर्च चालू आणि मैदान बंद. ह्या धक्क्यातून चार बैलांचा मालक तरतो. एका खोंडाचा तरत नाही.

आणि फलकावरच्या विषयाला मी इथं एकदाच स्पर्श करतो. चाबूक नको, काठी नको, टोचणी नको, विजेचा झटका तर नकोच, असं नियमात स्पष्ट आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पन्नास हजारांची अनामत, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, आणि मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आपण ‘प्राणीमित्र’ हा शब्द शिवीसारखा वापरतो, ते बरं नव्हे. कारण हे नियम कुठं मोडतात? पितळी घागर आणि ढाल लावलेल्या मैदानात फार मोडत नाहीत. जिथं शेवटच्या शंभर मीटरवर लाखोंची गाडी उभी आहे, तिथं हात आखडता ठेवायला ड्रायव्हर संत असावा लागतो. मोठं बक्षीस हे बैलाच्या पाठीवरच येतं, आणि ज्या दिवशी त्याचा व्हिडिओ न्यायालयात दाखवला जाईल त्या दिवशी नुकसान सगळ्यांचं होईल, झऱ्यापासून पुसेगावपर्यंत.

मग करायचं काय? ‘आदत’ म्हणजे दात न लावलेला खोंड आणि ‘दुसा’ म्हणजे दोन दातांचा, त्यांची वेगळी मैदानं आहेत, ही आपल्याच लोकांची हुशारी. दात न लावलेल्या खोंडानं जुळलेल्या बैलाशी पळू नये, हे कोणा इंग्रजानं शिकवलेलं नाही. त्या मैदानांत अजून छोटा मालक दिसतो. ती वाढवावीत. पण वयानं गट पाडले तसे कामगिरीनं पाडता येत नाहीत, कारण नोंद कुठंच नाही. कोणता बैल किती मैदानं पळाला, किती गट पास झाला, कोणाबरोबर पळाला, हे समालोचकाच्या डोक्यात आणि यूट्यूबवर आहे. बैलाची किंमत त्या आवाजावर ठरते. प्रत्येक बैलाच्या कानात बिल्ला आहे, त्यावर क्रमांक आहे. पंचांच्या टेबलावर एक वही ठेवून त्या क्रमांकापुढं निकाल लिहायला काय लागतं? दोन हंगामांत सातारा-सांगलीच्या बैलांचा खरा हिशेब हातात येईल. मग सांगता येईल, की ज्या दोन बैलांनी गेल्या वर्षी अमुक इतक्या फायनल मारल्या, त्यांचा एकमेकांशी पैरा ह्या मैदानात चालणार नाही.

दुसरं पैशाचं. ३४३ गाड्यांच्या त्या मैदानात प्रवेश फी हजार रुपये धरा. जमा झाले ३ लाख ४३ हजार. प्रत्येक गटात दुसऱ्या येणाऱ्याला त्याची फी परत दिली, तर खर्च होतात ४९ हजार. पहिलं बक्षीस पाच लाखांचं असेल तर ते साडेचार करा, भागलं. फायनल मारणाऱ्याचा जोर त्या पन्नास हजारांनी कमी होणार नाही. पण ४९ माणसं पुढच्या मैदानाची नोंदणी करतील.

यात्रा कमिटीवाले म्हणतात, बक्षीस कमी केलं तर गाड्या येणार नाहीत. नामांकित चार-दोन येणार नाहीत, हे मान्य. म्हणून परवा एका कमिटीला मी एवढंच सुचवलं, की येत्या चैत्रातल्या यात्रेची पत्रिका छापाल तेव्हा मोठ्या अक्षरांतल्या पहिल्या बक्षिसाखाली बारीक अक्षरांत एक ओळ घाला : ‘गटात दुसऱ्या येणाऱ्या गाडीस प्रवेश फी परत.’ ‘विचार करतो’ म्हणाले. नोंदणीचा आकडा काय येतो ते तुम्ही-आम्ही मिळून बघू.