उतरवलेल्या घरांचे घर

भाईंदर म्हटले की डोळ्यांसमोर येते ती भरलेली लोकल आणि एकाला एक लागून उभ्या असलेल्या इमारती. पण भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली, तर थोड्याच वेळात वेगळा मुलूख सुरू होतो. राई, मुर्धे, मोर्वे ही गावे मागे पडतात, मिठागरे आणि खाजण दिसू लागते आणि रस्ता डोंगरी-उत्तनकडे वळतो. ही डोंगरी म्हणजे मुंबईतली डोंगरी नव्हे. धारावी बेट या नावाने जुन्या कागदपत्रांत ओळखल्या जाणाऱ्या भूभागावरचे हे गाव. या धारावीचाही मुंबईतल्या धारावीशी संबंध नाही. मिरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली झाली, तिच्या हद्दीत ही गावे आली, पण गावठाणात शिरलात की अजून एखादे उतरत्या छपराचे, पुढे ओटी असलेले घर भेटते.

आज ज्या घराविषयी बोलायचे आहे ते याच भागातले, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे. घर मूळचे जुने, पण पावसाने मागची भिंत खचली होती आणि आढे वाळवीने पोखरले होते. सगळ्यांचा सल्ला एकच होता : पाडा आणि स्लॅब घाला. घरच्यांनी तसे केले नाही. त्यांनी आसपास मोडल्या जाणाऱ्या घरांतून आणि मुंबईतल्या जुन्या लाकडाच्या वखारींतून एकेक वस्तू जमवली. त्यातून घर पुन्हा उभे केले. तुळया एकीकडच्या, दरवाजा दुसरीकडचा, कौले तिसऱ्याच गल्लीतली. मी ते काम होताना अधूनमधून पाहिले आहे, म्हणून त्यातली खटपट सांगतो. वाचायला गोड वाटणाऱ्या या प्रकारात घाम फार आहे.

पहिली गोष्ट कौलांची. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो, त्याचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ साली मंगलोरला काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराच्या चाकावरची नळीची कौले होती. ती दरवर्षी पावसाआधी चाळावी लागत, म्हणजे उतरवून, झाडून, फुटकी काढून पुन्हा बसवावी लागत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकते, वाऱ्याने सरकत नाही, वजनालाही हलके. समुद्रमार्गे शिडाच्या गलबतांतून ते किनाऱ्यावर सगळीकडे पोचले. कौल उलटे करून पाहिलेत तर पोटावर कारखान्याचे नाव किंवा छाप दिसतो. हा छाप केवळ शोभेचा नाही, हे मला या घराच्या वेळी कळले. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात थोडा फरक असतो. एका छापाचे कौल दुसऱ्या छापाच्या खाचेत नीट बसत नाही. चार घरांची कौले एकत्र करून चढवली, तर पहिल्याच पावसात घर गळते. म्हणून आधी अंगणात छापाप्रमाणे ढीग लावायचे, मग कोणते पाखे कोणत्या कौलाचे हे ठरवायचे, आणि त्या कौलाच्या मापाने रिपा ठोकायच्या. आधी रिपा ठोकून मग कौले शोधायला निघणारा फसतो.

कौल चांगले की वाईट हे ओळखायला मिस्त्री ते एका हातावर तोलून धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवतो. खणखणले तर ठेवायचे. बद्द आवाज आला तर आत बारीक चीर आहे, ते बाजूला. या घरात बाजूला पडलेली कौलेही वाया गेली नाहीत. फोडून ती न्हाणीघराच्या जमिनीखाली भरावात घातली.

लाकडाचे काम याहून अवघड. जुने सागवान उत्तम, यात वाद नाही. साठ-सत्तर वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड आता आणखी वाकत नाही, चिरत नाही. मुंबईत गिरण्या आणि जुन्या चाळी मोडल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या ब्रह्मदेशी सागाच्या तुळया बाजारात आल्या. त्या वखारीत घनफुटाने विकल्या जातात. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात दरवाजे, खांब, कठडे यांचीही उलाढाल होते. पण जुन्या तुळईत खिळे असतात, काही वरून दिसतात, काही डोकी तुटून आत गडप झालेले. कापणीच्या गिरणीचा पाता अशा खिळ्यावर गेला की पाता गेला. म्हणून कित्येक गिरणीवाले जुने लाकूड घ्यायलाच नाखूष असतात, आणि घेतले तर पात्याची भरपाई मागतात. आमच्या या घरातल्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी बसून जंबुराने खिळे उपटले, लोहचुंबक फिरवून राहिलेले शोधले. लाकूड घेताना आणखी एक पाहायचे. तुळईचे टोक, जे भिंतीत गाडलेले होते, तिथे टोच्या खुपसून बघायचा. मधला भाग ठणठणीत आणि टोके पोकळ, असे हमखास निघते. तेवढे टोक कापून टाकावे लागते आणि दहा फुटांची तुळई साडेआठ फुटांची होते. मग खोलीचे माप बदलते.

हेच खरे या प्रकारातले मर्म. नव्या घरात आधी नकाशा आणि मग सामान. इथे आधी सामान, मग नकाशा. जुना दरवाजा बुटका निघाला, उंबरा उंच. तेव्हा गवंड्याने भिंतीत जागा ठेवण्याआधी दरवाजा दारात आणून उभा करावा लागला. खिडक्यांची जोडी मिळाली नाही म्हणून ओटीवर दोन खिडक्या दोन जातींच्या आहेत. घरातल्या आजींना ते आजही खटकते. मला विचाराल तर तेच त्या घराचे रूप आहे, पण मी तिथे राहत नाही.

हे स्वस्त पडते का, असा प्रश्न लोक हमखास विचारतात. सामान स्वस्त पडते, मजुरी पडत नाही. विटा साफ करणे, खिळे काढणे, कौले निवडणे, सगळा हाताचा आणि वेळेचा खर्च. घरचे हात नसतील तर हिशेब नव्या बांधकामाच्या जवळपास जातो. त्यात दुरुस्तीला महापालिकेची परवानगी आधी घ्यावी लागते, तीही वेळखाऊ.

आता थोडे मागे जाऊ. उतरवलेल्या सामानाने नवे उभे करणे ही काही आजची हौस नाही, आणि या परिसरात तर मुळीच नाही. धारावी बेटाचा दगड खाडीपलीकडे वसईच्या कोटातल्या बांधकामाला गेला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या मुलखात देवळोदेवळी पोचल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची घंटा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा या त्यांतल्याच. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर मस्तानी महाल पाहता येतो. कोथरूडच्या वाड्याचे लाकूडकाम काकासाहेब केळकरांनी उचलून आणून तिथे जुळवले. नाहीतर ते सरपणात गेले असते.

दक्षिणेत याच विचाराने काम करणारा एक मोठा माणूस होऊन गेला, लॉरी बेकर. इंग्लंडात जन्मलेला हा वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबला होता, तेव्हा त्याची गांधीजींशी गाठ पडली. घराला लागणारे सामान पाच मैलांच्या आत मिळावे, हा गांधीजींचा विचार त्याने आयुष्यभर धरून ठेवला. २००७ साली तो वारला. तिरुवनंतपुरमचे त्याचे स्वतःचे घर जुनी दारे, मोडीतले लाकूड, फुटक्या फरश्या, अगदी रिकाम्या बाटल्यासुद्धा वापरून टेकडीच्या उतारावर हळूहळू वाढत गेले आहे.

पाच मैलांचा हा हिशेब उत्तन-डोंगरीला लावला की एक अवघड गोष्ट समोर येते. पाच मैलांत जुने सामान मिळते, कारण पाच मैलांत घरे मोडली जात आहेत. ओळखीच्या त्या घराचा दरवाजा जिथून आला, ते घर मी पाहिलेले आहे. भावाभावांत वाटणी झाली, कोणी परदेशात, कोणी वसईला, आणि एका पावसाळ्यानंतर कोणीच दुरुस्ती केली नाही. दलाल आला, त्याने दरवाजा, खांब आणि देवघराची चौकट यांची एकत्र बोली केली. ज्यांना ती दिली त्यांना त्याची किंमत कळली नाही, हे उघड आहे. तोच दरवाजा पॉलिश होऊन एखाद्या अलिबागच्या फार्महाऊसवर कितीला जातो, हे चौकशी केलीत तर समजेल. शहरातल्या हौशी माणसाच्या बंगल्यात जुना खांब शोभतो, पण तो खांब जिथे उभा होता तिथे आता काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न टाळता येत नाही. या घरच्यांनी एक बरे केले : दलालाला टाळून ते थेट त्या भावांकडे गेले, वखारीतला चालू भाव विचारून आले होते तोच दिला, आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला त्या कुटुंबाचे नाव कोरून ठेवले.

जुने घर मोडता येते ते त्याच्या बांधणीमुळे. लाकडात कुसू आणि खाच, वर लाकडी खुंटी. खुंटी ठोकून बाहेर काढली की सांगाडा सुटा होतो. विटा चुन्यात बसवलेल्या, चुना खरवडला की वीट अखंड हातात येते. आमच्याकडची जुनी माणसे म्हणूनच ‘घर पाडले’ म्हणत नसत, ‘घर उतरवले’ म्हणत. सिमेंटमधली वीट मात्र सिमेंट सोडत नाही, ती त्याच्यासह फुटते. काँक्रीटचा खांब घणाखाली गेला की उरते ती आतली सळई, ती भंगारवाला नेतो. बाकी सगळा राडारोडा.

हा राडारोडा भाईंदरसारख्या शहराला फार जवळचा विषय आहे. १९८० आणि ९० च्या दशकांत इथे घाईघाईने ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येक आता धोकादायक ठरून पुनर्विकासाला चालल्या आहेत. एकेका इमारतीतून निघणारे डबर कुठे जाते? बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली स्वतंत्र नियम केले, तो वेगळा गोळा करावा, त्यावर प्रक्रिया करून विटा-खडी करावी, असे त्यात होते. तरी खाडीकाठाला, तिवरांच्या कडेला रात्री रिकामे होणारे डंपर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. तिवरांच्या मुळांवर भराव पडला की भरतीचे पाणी आत येत नाही आणि झाडे उभ्या उभ्या सुकतात. पुढे पावसात तेच पाणी वस्तीत शिरते.

इमारत पाडायची असली तरी काही गोष्टी हाताने आधी काढता येतात : सागवानी चौकटी, लोखंडी जाळ्या, कडाप्प्याचे ओटे, शहाबादी फरशा. कंत्राटदाराशी करार करतानाच सोसायटीने हे लिहून घेतले, तर निदान तेवढे तरी डंपरमध्ये जात नाही. आणि गावठाणात ज्यांचे घर खरोखर उतरवावेच लागणार आहे, त्यांनी मिस्त्री वर चढण्याआधी प्रत्येक वाशावर, तुळईवर रंगाने नंबर घालावा आणि चारही बाजूंनी फोटो काढावेत. नंबर नसला की तो नुसता लाकडाचा ढीग होतो आणि ढिगाला ढिगाचाच भाव मिळतो. नंबर असला तर तेच घर दुसऱ्या जागी, थोडे लहान का होईना, पुन्हा उभे करता येते.

अडचण एवढीच की कुसू-खाचेचे काम जाणणारे सुतार आता थोडे राहिले. या घराचे काम ज्यांनी केले ते मिस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या हाताखाली दोन मुलगे होते, एक गावातलाच, एक बाहेरून आलेला. गावातला आता मॉड्युलर किचनच्या कामाला जातो, तिथे पैसे रोजच्या रोज मिळतात. दुसरा अजून त्यांच्याबरोबर आहे. मागच्या उन्हाळ्यात त्या दोघांनी पाली गावातल्या एका घराची कौले उतरवून अंगणात छापाप्रमाणे लावून ठेवली. घरमालकाचे अजून ठरत नाही. कौलांवर ताडपत्री घातली आहे.