घरी शिकणे आणि घरी राहणे



साथीच्या दिवसांत मुलाला घरीच शिकवावे की काय, हा विषय आपण मला दिलात. मी शिक्षणशास्त्री नव्हे. माझी शाळा लहानपणीच सुटली. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. बाकीचे शिक्षण युनियनच्या कचेरीत कायद्याची पुस्तके आणि मजुरांचे अर्ज वाचता वाचता झाले. तेव्हा शाळेबाहेर शिकता येत नाही, असे मी तरी म्हणणार नाही.

मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यातील शाळा बंद झाल्या. शहरांतील पहिलीचे वर्ग उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे २०२० साली पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले, ते दुसरीत गेल्यावर! या काळात काही सुशिक्षित घरांतून विचार निघाला की, मूल घरी उत्तम शिकते, मग शाळा हवी कशाला? विचार करण्याजोगा आहे. परंतु घरी शिकणे वेगळे आणि घरी राहणे वेगळे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांमधील सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. खेड्यांत नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले निघाली ८ टक्के. काहीच न शिकणारी ३७ टक्के. मालक कामगाराला सांगतो, ‘पटत नसेल तर काम सोड, तू स्वतंत्र आहेस.’ या मुलांना घरी शिकण्याचे स्वातंत्र्य होते ते त्याच जातीचे.

मग निर्णय कसा करावा? मी आईबापांना चार प्रश्न विचारतो. पहिला, दिवसाचे दोन तास मोकळ्या मनाने मुलाजवळ बसणारे माणूस घरात आहे काय? सोलापुरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. तिचा हात थांबला की चूल थांबते. दुसरा, शिकण्याची भाषा घरात आहे काय? त्यांतल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात आणि मूल मराठी शाळेत जाते. तिसरा, मुलाला बरोबरीचे सोबती मिळतील काय? चौथा, परत शाळेत जाण्याची वाट उघडी राहील काय? चारही उत्तरे ‘होय’ असतील तर खुशाल घरी शिकवा. घरात आजारी, वृद्ध माणूस असेल आणि साथ भरात असेल, तर काही महिने मूल घरी ठेवणे हाही शहाणपणाच आहे. मात्र ते ‘काही महिने’ आहेत, हे मुलाला आणि मास्तरांना आधीच सांगून ठेवा.

चौथ्या प्रश्नाविषयी कायदा माहीत असावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि त्याला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. त्यातले चौथे कलम पाठच करा. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावेच लागते, आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी खास शिकवणी मिळणे हा त्याचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला, म्हणूनही प्रवेश अडविता येत नाही.

आता घरातल्या आधाराविषयी. साथीत मूल अभ्यासाआधी धीर मागत असते. ते चिडते, चिकटून बसते, मोठे झालेले मूलही अंथरूण ओले करते. हा हट्ट नव्हे, ही भीती आहे. घरात मृत्यू झाला तर ‘गावाला गेले’ असे सांगू नका. सोप्या शब्दांत खरे सांगा. उठण्याची, जेवण्याची, निजण्याची वेळ ठरलेली ठेवा. रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तरी शेजारी बसून ऐका. ऐकणारे असले की वाचणाऱ्याला हुरूप येतो. रेशनच्या पावतीचा हिशेब त्याच्याकडून करून घ्या. पण एक करू नका: मुलाला ‘तात्पुरते’ कामाला लावू नका. पहिली मजुरी हातात पडली की मूल शाळेकडे पाठ फिरविते आणि घरालाही त्या पैशाची सवय लागते.

शेवटी एक गोष्ट आपणा सर्वांसाठी. शाळा म्हणजे नुसती पुस्तके नव्हेत. तेथे दुपारचे गरम अन्न आहे, घराबाहेरचे एक मोठे माणूस आहे, मुलीला लग्नापासून आणि मुलाला मजुरीपासून दूर ठेवणारी भिंत आहे. दार बंद झाले तेव्हा तांदूळ आणि डाळ पालकांच्या हाती पोचविण्यात आली; ती भिंत कोणी पोचविली? म्हणून पुढची साथ येईल तेव्हा बाजार आधी आणि शाळा शेवटी उघडू नका, असे आपण आजपासून म्हटले पाहिजे. देवळाच्या ओट्यावर, मैदानात, झाडाखाली दहा-दहा मुलांचे वर्ग भरविता येतात. त्यासाठी नगरपालिकेकडे मागणी करावी लागेल, आणि मागणी एकट्याने केली की तिचा अर्ज होतो. शंभरांनी केली की तिची दखल घेतली जाते.